मामा, ऑडिटर व्हायला काय लागतं?

परवाच्या रविवारी बऱ्याच दिवसांनी पालीला ताईकडे गेलो होतो. भाईंदर स्टेशनाबाहेर उत्तनकडची बस पकडायची, मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी करत मिठागरं मागे टाकायची आणि खिडकीतून सुक्या बोंबलाचा वास आला की समजायचं, आलं गाव. बसमधले फिरायला आलेले लोक नाकाला रुमाल लावतात. आम्ही त्याच वासाने झोपेतून जागे होतो. असो.

वलांड्या भरलेल्या होत्या, ताईने मांदेली तळली होती, सगळं कसं छान चाललं होतं. तेवढ्यात भाचीने विचारलं, "मामा, तुझ्यासारखं एन्व्हायर्नमेंटल ऑडिटर व्हायला काय लागतं?" तिचं बीएस्सीचं शेवटचं वर्ष आहे, केमिस्ट्री घेऊन. मी घास गिळून उत्तर देणार, तर भावोजीच म्हणाले, "काय लागतं? कारखान्यात जायचं, त्यांचा चहा प्यायचा आणि सगळं ठीक आहे म्हणून लिहून यायचं!"

सगळे हसले. मीही हसलो. पण भावोजी, तुम्हाला माहीत नव्हतं, ते वाक्य बरोबर लागायचं तिथे लागलं. भाचीला तिथे मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं, कोर्सेस वगैरे. खरं उत्तर लांब आहे, म्हणून इथे लिहितोय. ती वाचेलच.

आधी एक गैरसमज दूर करतो. ताई शेजारणींना सांगते की आमचा भाऊ कारखाने बंद करतो. नाही हो! कारखान्याला नोटीस देणं, बंद करायला लावणं हे प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम. त्यांच्या अधिकाऱ्याला कायद्याने अधिकार आहेत. ऑडिटरच्या हातात फक्त पेन असतं. तो बघतो, मोजतो, कागदाशी ताडून बघतो आणि लिहितो. पुढे त्या लिहिलेल्याचं काय होतं ते बहुतेक वेळा त्याच्या हातात नसतं.

हे काम आपल्याकडे आलं ते भोपाळनंतर. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ झालं, १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याच्या नियमांत मार्च १९९२ मध्ये एक नवा नियम घातला, की मंडळाची संमती लागणाऱ्या कारखान्यांनी दरवर्षी पर्यावरणाचा ऑडिट रिपोर्ट द्यायचा. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, 'ऑडिट रिपोर्ट' हे शब्द काढून 'एन्व्हायर्नमेंटल स्टेटमेंट' असं केलं. शब्द छोटासा बदलला, पण ऑडिट म्हटलं की दुसरा कोणीतरी तपासणार असं वाटतं. स्टेटमेंट म्हणजे ज्याचं त्याने सांगायचं. आम्ही त्याला फॉर्म पाच म्हणतो. मार्चअखेरच्या वर्षाचा फॉर्म तीस सप्टेंबरच्या आत भरायचा. त्यामुळे गणपती-नवरात्रात मी घरी का नसतो, हे नातेवाइकांना आता कळलं असेल.

आता कामाचा मजेचा भाग. (मजेचा म्हणजे मला.) लोकांना वाटतं ऑडिटर बाटलीत पाणी भरतो, लॅबला देतो, झालं. बाटली सगळ्यात शेवटी! आधी कागद, आणि कागदाच्याही आधी एक फेरी. कुठल्याही कारखान्यात गेलं की मी पहिल्यांदा सांडपाण्याच्या प्लॅंटकडे जातो, ज्याला सगळे ईटीपी म्हणतात. तिथल्या विजेच्या मीटरचं रीडिंग घेतो. एरेशन टाकीतल्या जंतूंना हवा पुरवायला ब्लोअर असतो. पंधरा हॉर्सपॉवरचा ब्लोअर चोवीस तास चालला तर दिवसाला अडीचशेच्या आसपास युनिट खाणारच. लॉगबुकात लिहिलंय चोवीस तास चालू आणि मीटर सांगतोय दिवसाला चाळीस युनिट. मग ब्लोअर कधी चालतो? आमच्यासारखे पाहुणे आले की.

दुसरं म्हणजे गाळ. चुना आणि तुरटी घालून पाणी खरंच साफ केलं तर खाली गाळ बसणारच, त्याला इलाज नाही. तो वाळवून तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर पाठवायचा असतो, आणि प्रत्येक गाडीची पावती असते. वर्षभर प्लॅंट 'उत्तम' चालला आणि गाळाची पावती एकही नाही? मग गाळ गेला कुठे? एक तर गाळ झालाच नाही, किंवा रात्री कुठेतरी गेला. चुन्याची बिलं मागायची. स्टोअरमधला माणूस खरं बोलतो, कारण आपण काय विचारतोय हे त्याला समजलेलं नसतं.

तिसरं पाणी. दोनशे घनमीटर आत येतं आणि साठ बाहेर जातं असं लिहिलंय. मधलं एकशेचाळीस कुठे गेलं? काही वाफ झालं, काही मालात गेलं, मान्य. पण एकशेचाळीस? मग कंपाउंडच्या कडेने चालत जायचं आणि गवत कुठे जास्त हिरवं आहे, कुठे जळलेलं आहे ते बघायचं. हे मला कोणत्याही कोर्समध्ये शिकवलं नाही. लहानपणी बाबा समुद्राचा रंग बघून डोल कुठे मारायची ते ठरवायचे, तसंच काहीसं.

एवढं सगळं शिकायला फार तर दोन वर्षं लागतात. हुशार मुलीला एक. अवघड भाग वेगळाच आहे.

२००४ सालची गोष्ट. मी एका छोट्या कन्सल्टन्सीत लागलो होतो, पगार बेताचा, उत्साह भरपूर. ठाणे जिल्ह्यातल्या एका कापड रंगवणाऱ्या युनिटचं काम आलं. त्यांना घालून दिलेली बीओडीची मर्यादा होती लिटरला तीस मिलिग्रॅम. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाऊन संपवायला जंतूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप. जितका आकडा मोठा, तितका नाल्यातल्या माशांच्या वाटचा ऑक्सिजन कमी. आपल्याकडे बाटली २७ अंशांवर तीन दिवस ठेवून तपासतात. चौथ्या दिवशी लॅबमधून आकडा आला, ४६.

मी तो वहीत लिहिला आणि सरांकडे गेलो. सर रागावले वगैरे नाहीत. ते म्हणाले, "परत एक सॅम्पल घेऊन ये. सकाळी जा, आठच्या आत. आउटलेटच्या जरा पुढे घे."

आउटलेटच्या जरा पुढे, नाल्यात पडायच्या आधी, बॉयलर हाउसकडून येणारी साध्या पाण्याची एक नळी त्याच पाइपाला मिळत होती. हे सरांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्यांनी तोंडाने चुकीचं काहीच सांगितलं नाही. पुढे म्हणजे पुढे! मी सकाळी साडेसातला गेलो आणि नळीच्या पुढे कॅन धरला. या वेळी आकडा आला २८.

फॉर्म पाचमध्ये मी टाइप केलं : २८. खाली सही कारखानदाराची, आकडा माझा. टाइप करताना गावाच्या नावाचं स्पेलिंगही चुकलं होतं माझं, ते कोणी बघितलंच नाही. चेक आला, सरांनी सगळ्यांना वडापाव खिलवले.

आणि मग काय झालं? काही नाही. सिनेमात अशा वेळी कोणीतरी आजारी पडतं, नाल्यात मेलेले मासे वर येतात, हिरोला पश्चात्ताप होतो. माझ्या बाबतीत अक्षरशः काहीही झालं नाही. मी सहा महिन्यांत विसरलोही.

२००९ साली मी दुसरीकडे कामाला होतो. एका परदेशी खरेदीदाराचे लोक येणार म्हणून एका युनिटने आधी तिऱ्हाइताकडून तपासणी करून घ्यायचं ठरवलं. पत्ता बघितला आणि ओळखलं. तेच युनिट. गेटवरचा वॉचमनसुद्धा तोच. जुन्या फाइली मागितल्या. २००५ चा फॉर्म, बीओडी २८. २००६, २८. २००७, २८. २००८, २८. आणि गावाच्या नावाचं चुकलेलं स्पेलिंग चारही वर्षं जसंच्या तसं! माझ्यानंतर ज्याला काम मिळालं, त्याने माझीच फाइल उघडून वर्ष बदललं होतं. चार वर्षं मी तिथे नव्हतो आणि चार वर्षं माझं खोटं नियमितपणे तीस सप्टेंबरच्या आत सादर होत होतं.

त्या दिवशी आउटलेटच्या तोंडाशी, नळीच्या अलीकडे, सॅम्पल घेतलं. लॅबचा आकडा आला ६१.

मालक चिडले. त्यांचंही बरोबर होतं. "इतकी वर्षं अठ्ठावीस येतंय, तुमच्याच वेळेला एकसष्ट कसं?" मी म्हटलं, "आजचं पाणी आहे ते हे आहे." एवढंच बोललो. पहिलं अठ्ठावीस मीच आणलं होतं, हे त्यांना सांगितलं नाही. आजपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. ताई, भावोजी, आता तुम्हालाही कळलं.

पुढे त्यांनी एरेशन टाकीतले बुजलेले डिफ्युझर बदलले. माझ्या रिपोर्टमुळे नव्हे, खरेदीदाराने अट घातली म्हणून. काही महिन्यांनी परत गेलो तेव्हा आकडा ३४ होता. मर्यादेच्या अजून वरच. पण त्या वर्षीच्या फॉर्ममध्ये त्यांनी ३४ लिहिलं! फॉर्म पाचच्या 'क' भागात एक रकाना आहे : ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा किती टक्के फरक, आणि कारण. म्हणजे फॉर्म बनवणाऱ्याने गृहीतच धरलं होतं की कधीकधी आकडा वर जाईल आणि माणूस कारण लिहील. तोपर्यंत मी बघितलेल्या प्रत्येक फॉर्मात त्या रकान्यात 'निरंक' होतं. पहिल्यांदाच तिथे लिहिलेलं बघितलं : १३ टक्के, डिफ्युझर नुकतेच बदलले आहेत. त्या कागदाची झेरॉक्स मी मागून घेतली. माझ्या टेबलाच्या खणात आहे.

मला बरीच वर्षं वाटायचं की हा माझा एकट्याचा नालायकपणा. मग गुजरातमधला एक अभ्यास वाचनात आला आणि (लाज वाटली तरी) थोडं हलकं वाटलं. गुजरातेत हायकोर्टाच्या १९९६ च्या आदेशामुळे बाहेरच्या ऑडिटरची पद्धत कधीपासून होती. पण ऑडिटर निवडायचा कारखान्याने आणि पैसेही द्यायचे कारखान्यानेच. एस्थर डफ्लो (२०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल अभिजित बॅनर्जींबरोबर मिळालं त्या. बॅनर्जींची आई आपली मराठी, हे जाता जाता) आणि मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे, निकोलस रायन यांनी तिथल्या प्रदूषण मंडळाबरोबर २००९ पासून दोन वर्षं एक प्रयोग केला. काही कारखान्यांना जुन्याच पद्धतीवर ठेवलं. बाकीच्यांना ऑडिटर चिठ्ठी टाकून दिला, त्याची फी एका सामाईक निधीतून आणि ठरलेली, आणि त्याने घेतलेली मापं अधूनमधून दुसऱ्याकडून परत तपासली.

२०१३ साली निकाल छापून आला. जुन्या पद्धतीत ऑडिटर सांगत होते की धुरातल्या धुळीची मर्यादा फक्त ७ टक्के कारखाने मोडतात. परत मोजल्यावर निघाले ५९ टक्के. ऑडिटरांचे आकडे मर्यादेच्या जरासे खाली गर्दी करून बसलेले होते. मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, अरे, हे तर सगळे माझे अठ्ठावीस! नव्या पद्धतीतल्या ऑडिटरांचं खोटं 'ठीक आहे' म्हणणं सुमारे ८० टक्क्यांनी कमी झालं, आणि त्यांच्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. माणसं त्याच पेशातली होती. पैसे कोण देतो आणि परत कोण बघतो, एवढंच बदललं होतं. २०१५ पासून गुजरातने चिठ्ठी टाकून ऑडिटर नेमायची पद्धत लागू केली.

आता देशभरासाठीही ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पर्यावरण ऑडिटचे नवे नियम काढलेत. त्यात ऑडिटरने आधी प्रमाणपत्र मिळवायचं, जुन्या लोकांनी अनुभव दाखवून आणि नव्यांनी परीक्षा देऊन. मग नोंदणी करायची, आणि कोणाकडे कोणी जायचं हे कारखान्याने न ठरवता चिठ्ठीसारख्या पद्धतीने ठरणार. कागदावर तरी हे चांगलं आहे. चहाचं काय होतं ते बघू, भावोजी.

तर भाचीबाई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. केमिस्ट्री आहे ते उत्तमच. त्यावर पर्यावरण विज्ञानात एमएस्सी कर, किंवा सरळ दोन वर्षं एखाद्या चांगल्या लॅबमध्ये नोकरी कर. मला विचारशील तर आधी लॅब. स्वतःच्या हाताने शंभर बीओडी लावल्याशिवाय दुसऱ्याच्या आकड्यावर संशय घ्यायची अक्कल येत नाही. मग एखाद्या कारखान्याच्या ईटीपीवर काम कर, रात्रपाळीसकट. ऑपरेटरला काय काय करायला लावतात ते तिथे कळेल. आयएसओ १४००१ चा लीड ऑडिटरचा कोर्स पाच दिवसांचा असतो, तो नंतर कधीही होतो. त्याने मुलाखत कशी घ्यायची, निष्कर्ष कसा लिहायचा ते कळतं. पण ती ऐच्छिक मानकाची गोष्ट आहे, कायद्याच्या ऑडिटची नाही. लोक दोन्हींची गल्लत करतात आणि क्लासवाले ती होऊ देतात. नव्या नियमांच्या परीक्षेवर लक्ष ठेव. पाणी, हवा आणि घातक कचरा यांचे कायदे मुळातून वाच, गाइडमधून नको.

आणि एक वही कर. पहिला आकडा त्या वहीत पेनाने लिही. माझी २००४ ची वही ताईच्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहे, मी लग्नानंतर ठाण्याला गेलो तेव्हा तिथेच राहिली. त्यात ४६ आहे. पेनाने. त्यावर नंतर मी पेन्सिलने बारीक गोल केलाय. तो कधी केला ते मात्र आठवत नाही.

संध्याकाळी निघायच्या आधी किनाऱ्यावर गेलो. बाबांच्या वेळचे एक काका डोल साफ करत बसले होते. जवळ्यापेक्षा पिशव्या जास्त. मला म्हणाले, "तू कारखाने तपासतोस ना रे? मग हे कोण तपासतं?" मी बघतच राहिलो. माझ्या फॉर्म पाचमध्ये कारखान्याच्या गेटच्या आतलं सगळं येतं. शहराच्या पिशव्या खाडीतून समुद्रात आणि समुद्रातून काकांच्या डोलीत येतात, त्याला गेट कुठलं? आणि मागे धावगीच्या डोंगरावर टाकलेला शहराचा कचरा, त्याच्या आगी आणि पावसात खाली उतरणारं काळं पाणी हे तर इथल्या पोराटोरांनाही माहीत आहे. मी काकांना काही सांगू शकलो नाही. पिशव्या काढायला थोडा वेळ बसलो त्यांच्याबरोबर.

परत आलो तर भाची फ्रिज उघडून उभी. पावसाळ्यात डोंगराखालच्या ओढ्यातून तिने एका मिनरल वॉटरच्या बाटलीत पाणी भरून आणलं होतं, ते मला लॅबला द्यायला हवं होतं. चहासारखा रंग. ताईची कटकट चालू होती, "माशांच्या शेजारी ठेवलीय ती घाण, किती दिवस झाले, फेकून दे."

मी तिला म्हटलं, हे सॅम्पल नाही. बीओडीचं पाणी चार अंशांवर ठेवून चोवीस तासांच्या आत लॅबमध्ये लावायला पाहिजे. आणि कोर्टात चालायला हवं असेल तर पाणी कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ते मंडळाच्या माणसानेच घ्यायला लागतं. समोरच्याला नोटीस देऊन त्याच्यादेखत दोन भाग करायचे, दोन्हींना सील, दोघांच्या सह्या. तुझ्या बाटलीला कायद्यात किंमत शून्य.

तिचा चेहरा पडला. मग म्हणाली, "पण मी लिहून ठेवलंय."

बाटलीवर शाळेच्या वहीचं लेबल चिकटवलेलं होतं. तारीख, वेळ सकाळी सात दहा, 'दोन दिवस पाऊस', ओढ्यावरच्या कुठल्या दगडापासून किती पावलं. पेनाने लिहिलेलं.

ताईला सांगून आलोय, बाटली फेकू नकोस म्हणून. पुढच्या पावसात दोघं जाऊ, बर्फाचा डबा मी आणेन.